लॅबमधला फ्रिज : दोन ते आठच्या आत



आज फ्रिजबद्दल बोलायचं आहे. आपल्या घरातल्या नव्हे, रक्त-लघवी तपासतात त्या लॅबमधल्या फ्रिजबद्दल. तुम्ही म्हणाल, त्याचं आम्हाला काय? तिथे शिकलेली माणसं आहेत, ती बघून घेतील. आम्हालाही असंच वाटायचं.

आमच्या बचत गटात आम्ही सोळा जणी. कुणी पोळीभाजीचे डबे देतं, कुणी ब्लाउज शिवतं, एकीची स्टेशनजवळ फुलांची टोपली आहे. आणि चौघी जणी गोरेगाव-मालाडच्या दवाखान्यांत आणि लॅबमध्ये साफसफाईला जातात. त्यांतल्या एकीमुळे आम्हाला हा विषय शिकावा लागला. तिचं नाव सांगत नाही, लॅबचंही नाही. तिला अजून याच भागात काम करायचं आहे. आपण तिला नुसतं ताई म्हणू.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ. लॅब तळमजल्यावरच्या गाळ्यात. बाहेर धो धो पाऊस, आणि दाराखालून पाणी आत यायला लागलेलं. टेक्निशियन निघून गेलेले, ताई एकटी लादी पुसत होती. फ्रिजची वायर एका एक्स्टेंशन बोर्डात होती आणि बोर्ड जमिनीवर. पाणी त्याच्याकडे सरकताना दिसलं. तिने काय केलं असेल? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. भिंतीवरचा स्विच बंद केला, बोर्ड उचलून टेबलावर ठेवला, पाणी काढलं, कुलूप लावलं आणि घरी गेली. स्विच परत चालू करायचं तिच्या डोक्यातून गेलं. कारण त्या बोर्डावर फ्रिज आहे हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

रविवारी लॅब बंद. सोमवारी सकाळी उघडायला आलेल्या मुलाने रोजच्यासारखे सगळे स्विच खटाखट चालू केले. अकरा वाजेपर्यंत फ्रिज गार. दार उघडलं तर आत दिवा लागतोय, हाताला थंड लागतंय. सगळं ठीक! त्या दिवशी नेहमीसारख्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट गेले.

मंगळवारी मशीनवरची रोजची पडताळणी जुळेना. मग शोधाशोध झाली. ताईला विचारलं, तिने खरं ते सांगितलं. फ्रिज जवळजवळ दीड दिवस बंद होता. आतल्या तपासणीच्या किट टाकून द्याव्या लागल्या. सोमवारी ज्यांचं रक्त तपासलं त्यांना फोन करून परत बोलावलं. त्यात सातव्या महिन्यातली एक गरोदर बाई होती. बिचारी दुसऱ्यांदा उपाशीपोटी, पावसातून रिक्षा करून आली.

आणि ताईच्या पगारातून महिन्याला दोन हजार कापायचं ठरलं. पगार नऊ हजार. ती गटाकडे कर्ज मागायला आली तेव्हा आम्हाला हे सगळं कळलं.

आम्ही तिघी जणी त्या लॅबमध्ये गेलो. भांडायला नाही, विचारायला. स्विचवर "बंद करू नका" असं काही लिहिलं होतं का? नव्हतं. फ्रिजला वेगळा प्लग का नव्हता? उत्तर नाही. आत थर्मामीटर होता? होता. मग सोमवारी सकाळी तो कुणी पाहिला? मालकांनी वही मागवली. वहीतली शेवटची नोंद चाळीस दिवसांपूर्वीची होती.

मालक वाईट माणूस नाही. वही बघून गप्प झाले. पुढच्या महिन्यापासून कापणं थांबलं. पहिले कापलेले दोन हजार मात्र परत मिळाले नाहीत, तेही सांगायला हवं. पण तिथली टेक्निशियन मुलगी आमच्याबरोबर बाहेरपर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, चूक आमचीच होती. तुमच्या मीटिंगला येऊन मी सगळ्यांना फ्रिज शिकवू का?" ती आली. एकदा नाही, तीनदा आली. आज सांगतोय ते तिच्याकडून शिकलेलं आहे आणि नंतर आम्ही विचारून, पडताळून घेतलेलं आहे.

पहिली गोष्ट. घरातला फ्रिज बंद पडला तर आपल्याला कसं कळतं? दूध फाटतं. डाळीला आंबूस वास येतो. इडलीचं पीठ फसफसून डब्याबाहेर येतं. म्हणजे आपलं नाक आणि डोळे सांगतात. लॅबच्या फ्रिजमध्ये असतात बारीक बारीक बाटल्या. त्यातल्या रसायनांना लॅबवाले रिएजंट म्हणतात. ती खराब झाली तर बहुतेक वेळा वास येत नाही, रंग बदलत नाही, साय धरत नाही. बाटली कालच्यासारखीच दिसते, आणि त्यातून आकडा मात्र चुकीचा येतो. तो आकडा कागदावर छापून, सही-शिक्क्यासह, कुणाच्या तरी हातात जातो. त्यावरून गोळी सुरू होते किंवा बंद होते. म्हणून लॅबच्या फ्रिजला नाकाने सांभाळता येत नाही. त्याला आकड्यानेच सांभाळावं लागतं.

तो आकडा आहे दोन ते आठ. दोन अंश सेल्सिअसच्या खाली नाही, आठच्या वर नाही. बहुतेक रिएजंटच्या खोक्यावर हेच छापलेलं असतं. रक्तपेढीतला नियम याहून कडक. तिथे रक्ताची पिशवी दोन ते सहाच्या आत ठेवतात. आणि गंमत म्हणजे त्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. त्या वीस ते चोवीस अंशांवर, सतत हलवत ठेवतात आणि साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणजे गार तेवढं चांगलं, असं नसतं. ज्याला जे मानवतं ते.

लशीच्या बाटलीवर एक छोटी खूण असते, बाळाला डोस द्यायला जाल तेव्हा बघा. एक वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन. बाटलीला ऊब लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती लस वापरायची नाही. ती बाटली स्वतःच सांगते, मला ऊन लागलं म्हणून. लॅबच्या बाटल्यांवर सहसा अशी खूण नसते. त्यांच्या वतीने थर्मामीटर आणि वही बोलते.

आता हा थर्मामीटर कसा ठेवायचा ते ऐका. नुसता जाळीवर टाकायचा नाही. ग्लिसरीन भरलेल्या छोट्या बाटलीत त्याचं टोक बुडवून मधल्या कप्प्यात ठेवायचा. का? दार उघडलं की हवा लगेच गरम होते, बंद केलं की लगेच गार. बाटलीतलं औषध इतक्या झटपट बदलत नाही. ग्लिसरीनमधला थर्मामीटर हवेचा नव्हे, औषधाचा हाल सांगतो. दिवसातून दोनदा वाचायचा, लॅब उघडल्यावर सगळ्यात आधी आणि बंद करताना सगळ्यात शेवटी. तारीख, वेळ, आकडा, सही. सोमवारी सकाळी तो वाचला असता तर मशीन चालू व्हायच्या आधीच कळलं असतं. रात्रीतून किती चढला, किती उतरला हे लक्षात ठेवणारे थर्मामीटरही मिळतात. रविवार बंद ठेवणाऱ्या लॅबने तसाच घ्यावा.

आणखी एक गैरसमज. आतल्या गोल बटणावर एक ते सात आकडे असतात. चारवर ठेवलं म्हणजे चार अंश, असं आमच्यातल्या निम्म्या जणींना वाटत होतं. ते अंश नव्हेत. आकडा मोठा, गारवा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. मे महिन्यात जे बटण बरोबर असतं ते डिसेंबरात आतल्या बाटल्या गोठवू शकतं. बटण फिरवलं की थर्मामीटर बघायचा, आणि लगेच नाही, काही तासांनी.

गोठणं हे तापण्याइतकंच वाईट, कधी जास्तच. रक्तगट तपासायच्या ज्या बाटल्या असतात, ए, बी आणि डीच्या, त्या गोठवायच्या नसतात. लशींचंही तसंच. पोलिओचे थेंब गोठवून ठेवतात, चालतं. पण हिपॅटायटिस बीची किंवा त्रिगुणीची लस एकदा गोठली की वितळवूनही उपयोग नाही. म्हणून फ्रीझरला चिकटून, मागच्या भिंतीला टेकवून काही ठेवायचं नाही. दारातल्या कप्प्यातही औषध नको, ते प्रत्येक उघडझापीला तापतं. दारात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात, "पिऊ नये" असं लिहून. तळाच्या कप्प्यातही ठेवाव्यात. वीज गेली की हेच पाणी आतला गारवा धरून ठेवतं.

आता देखभाल. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

रोज काय करायचं? सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. दार नीट लागलंय का हाताने दाबून बघायचं. काही सांडलं असेल तर लगेच सांगायचं.

आठवड्याला काय? आतल्या बाटल्यांच्या तारखा बघायच्या. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, नंतरचं मागे. आपण डाळी-पिठाचे डबे भरताना जुनं वर काढतो तसंच. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची, कारण उघडल्यावर मुदत कमी होते. कप्पे खचाखच भरायचे नाहीत. बाटल्यांमधून हवा फिरली तरच सगळीकडे सारखा गारवा राहतो.

महिन्याला काय? दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. आपल्या मुंबईच्या दमट हवेत त्या रबराच्या घडीत काळी बुरशी धरते, मग दार घट्ट बसत नाही. घट्ट बसतंय का हे बघायची सोपी युक्ती आहे. दहाच्या नोटेएवढा कागद दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकून आला तर रबर ठीक. सुळकन निघाला तर रबर बदला.

साधा फ्रिज असेल तर फ्रीझरमध्ये बर्फ साचतो. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड झाला की काढायचा. इथे बायकांना हात जोडून सांगतोय, सुरी किंवा उलथनं लावून बर्फ खरवडू नका. खाली नळ्या असतात, एक भोक पडलं की आतला गॅस जातो आणि फ्रिज कामातून गेला. प्लग काढा, दार उघडं ठेवा, आपोआप वितळू द्या. त्याआधी बाटल्या दुसऱ्या फ्रिजमध्ये, नाहीतर थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पाकिटांसोबत. पाकीट कापडात गुंडाळून, बाटलीला थेट लावायचं नाही, नाहीतर तिथेच गोठेल. हे काम टेक्निशियनसमोरच करायचं. एकटीने, न सांगता, कधीच नाही.

तीन महिन्यांनी काय? प्लग काढून मागची जाळी ब्रशने झाडायची. आतली उष्णता या जाळीतून बाहेर जाते. तिच्यावर धुळीचा थर बसला की कॉम्प्रेसर दिवसभर घरघरतो आणि गारवा मात्र येत नाही. काही नव्या फ्रिजची जाळी आत असते, दिसत नाही. तिथे फक्त मागची जागा झाडायची. भिंत आणि फ्रिज यांच्यात हाताच्या पंजाएवढी मोकळी जागा हवी. आपल्याकडे गाळे लहान, जागेची मारामार. फ्रिजच्या मागे झाडू, वर खोकी, बाजूला सिलिंडर. तसं चालत नाही.

आणि प्लग. फ्रिजला स्वतःचा, भिंतीतला, जमिनीपासून उंच प्लग हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको. स्विचवर चिकटपट्टी आणि मोठ्या मराठी अक्षरांत "फ्रिज. बंद करू नये." आमच्या ताईच्या सगळ्या गोष्टीत एवढीशी चिकटपट्टी असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता सांडलवंड. रक्ताची नळी आत फुटली तर आधी हातमोजे. काच उचलायला चिमटा, बोटं नाहीत. सांडलेल्या जागेवर कागद किंवा कापड टाकायचं, त्यावर एक टक्क्याचं हायपोक्लोराइट ओतायचं आणि वीस-तीस मिनिटं थांबायचं. मग पुसायचं, शेवटी साध्या पाण्याने पुसायचं, कारण हे द्रावण पत्रा गंजवतं. बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी घातलं की एक टक्का होतं. रोज ताजं करायचं, शिळ्यात दम राहत नाही. आणि जिवाची गोष्ट ऐका. हायपोक्लोराइटमध्ये किंवा कुठल्याही ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका. विषारी गॅस होतो. घरीही नाही, कामावरही नाही.

लॅबच्या फ्रिजमध्ये काय ठेवायचं नाही? खायचं काहीही नाही. आपला डबा नाही, पाण्याची बाटली नाही, दही नाही. हे ऐकून आमच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आमच्याकडे गणपतीत साहेबच पेढ्यांचा बॉक्स आत ठेवतात!" साहेबांनी ठेवला तरी चुकीचंच. ज्या कप्प्यात लोकांचं रक्त, लघवी, थुंकी ठेवतात तिथे पेढे कसे? आणि दुपारी डब्यासाठी चार वेळा दार उघडलं की आतल्या बाटल्यांचे हाल. स्पिरिट, ॲसिटोन, ईथर असलं पेट घेणारंही साध्या फ्रिजमध्ये नको. त्याची वाफ आत साठते, आणि दिव्याच्या बटणाची किंवा थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते.

वीज गेली तर? आपण गोरेगावकर २६ जुलै २००५ विसरलेलो नाही. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कितीतरी वस्त्यांत नंतरही वीज नव्हती. आणि १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. करोनाचे दिवस, सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली. आमची ही टेक्निशियन मुलगी तेव्हा दुसऱ्या लॅबमध्ये होती. तिने काय केलं? फ्रिजच्या दारावर चिकटपट्टी लावली आणि कागदावर लिहिलं, "दहा वाजून पाच मिनिटांनी वीज गेली. दार उघडू नये." बस. दार बंद राहिलं तर दोन-तीन तास तरी गारवा धरतो. किती धरेल ते फ्रिज किती भरलाय आणि बाहेर किती उकडतंय यावर. वीज आल्यावर तिने आधी थर्मामीटर वाचला, वहीत लिहिला. मग मशीनवर पडताळणीचा नमुना लावला. त्याचं उत्तर माहीत असतं. ते बरोबर आलं, तेव्हा पेशंटचे नमुने घेतले. आधी फ्रिजची परीक्षा, मग माणसाची. आमच्या ताईच्या लॅबमध्ये त्या सोमवारी हाच क्रम चुकला होता.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, सगळं फ्रिजमध्ये टाकलं की झालं. तसंही नाही. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंचं ऐका. वस्तीत तपासणीचं शिबिर होतं. सकाळी रक्त घेतलं आणि नळ्या तशाच्या तशा फ्रिजमध्ये गेल्या, तपासल्या संध्याकाळी उशिरा. रिपोर्टमध्ये पोटॅशियम सातच्या वर. असायला हवं साधारण साडेतीन ते पाच. एवढं वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. रात्री दहाला फोन आला, ताबडतोब हॉस्पिटलला न्या. रिक्षा, धावाधाव, सुनेच्या हातात गटातून उसने घेतलेले पाच हजार. तिथे ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त परत घेऊन लगेच तपासलं, पोटॅशियम चार पूर्णांक चार. म्हातारीला काहीच झालं नव्हतं.

मग ते सात आलं कुठून? आपल्या रक्तातल्या पेशी पोटॅशियम आत साठवून ठेवतात. त्यासाठी त्यांच्यात जणू एक पंप सतत चालू असतो, सोसायटीच्या टाकीवर पाणी चढवतो तसा. थंडीत हा पंप मंदावतो आणि पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपतं. म्हणून आधी नळी मशीनमध्ये फिरवून वरचं पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करायचं आणि मग ते फ्रिजमध्ये ठेवायचं. अख्खं रक्त तसंच गारठवायचं नाही, फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही. तिथे पेशी फुटतात.

अशाच आणखी काही गोष्टी. रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, तिची फिकट निळ्या टोपणाची नळी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. ताप उतरत नाही म्हणून जंतू वाढवून बघायला रक्त घेतात, ती बाटलीही फ्रिजबाहेरच. जंतूच गारठले तर वाढतील कसे? उलट लघवीतले जंतू बघायचे असतील तर नमुना दोन तासांत लॅबला द्यायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा. कारण त्यात आपले इतर जंतू भराभर वाढतात आणि खरा गुन्हेगार सापडत नाही.

जंतू वाढवण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती एका बाईची आहे. आपण चायना ग्रास घालून खरवसासारखी वडी करतो ना, त्याचंच नाव अगार. लॅबमधल्या काचेच्या बशीत जंतू ज्या जेलीवर वाढवतात ती याच अगारची. पूर्वी जिलेटिन वापरायचे, पण उन्हाळ्यात ते वितळून जायचं. १८८१ मध्ये जर्मनीत वॉल्टर हेस नावाचे डॉक्टर यामुळे वैतागले होते. त्यांची बायको फॅनी हेस घरी जेली करायला अगार वापरायची, आणि ती उकाड्यातही टिकायची. तिने नवऱ्याला सुचवलं, हे घालून बघा. ते जमलं, आणि तिथून जगभरच्या लॅबमध्ये गेलं. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवर लिहिताना अगारचा उल्लेख केला, पण फॅनीचं नाव घेतलं नाही. या बशा आजही लॅबच्या फ्रिजमध्ये उलट्या ठेवतात, झाकण खाली, म्हणजे झाकणावर जमलेलं पाणी जेलीवर ठिबकत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, स्वयंपाकघर आणि लॅब यांच्यातलं अंतर आपण समजतो तेवढं नाही.

आता आपल्या घरासाठी दोन गोष्टी. लघवीचा नमुना घरी घेतला आणि लॅब लांब असेल तर डबी घट्ट बंद करा, दोन पिशव्यांत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, भाजीच्या शेजारी नाही, आणि ठेवायच्या आधी लॅबला फोन करून विचारा. दुसरं इन्सुलिन. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण फ्रीझरपासून लांब. गोठलं तर फेकायचंच, वितळवून टोचायचं नाही. वापरात घेतलेली बाटली बाहेर सावलीत साधारण चार आठवडे चालते, तरी सोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. घरात फ्रिज नसेल तर मातीचं मडकं. बाटली प्लास्टिकच्या कोरड्या डबीत, डबी छोट्या मडक्यात, ते मडकं मोठ्या मडक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये ओली वाळू. वर ओलं फडकं. आमच्या गटात दोघी जणी मे महिन्यात असंच करतात.

आणि लॅबमध्ये गेलात की विचारायला लाजू नका. "नमुना किती वेळात तपासणार? तोवर कुठे ठेवणार? फ्रिजची वही आहे का?" हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. आपण पैसे देतो आणि आपलं रक्त देतो. मृणालताई गोरे यांना ज्या गोरेगावात लोक पाणीवाली बाई म्हणायचे, त्या गोरेगावच्या आपण. प्रश्न विचारणं आपल्याला नवीन नाही.

लॅबच्या मालकांनाही एक सांगणं. तुमच्याकडे शिकलेला टेक्निशियन आठ तास असतो. तो गेल्यावर फ्रिजजवळ शेवटची जी असते ती लादी पुसणारी बाई. कॉम्प्रेसरचा आवाज थांबला तर पहिला तिला कळेल. दाराखाली पाणी आलं तर पहिलं ती बघेल. तिला एक दिवस, फक्त अर्धा तास, फ्रिज समजावून सांगा. कुणाला फोन करायचा तो नंबर दारावर लावा. नुकसान झाल्यावर तिच्या पगारात हात घालण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

आमची ताई आजही त्याच लॅबमध्ये आहे. फ्रिजला भिंतीत वेगळा प्लग बसला. स्विचवर चिकटपट्टी आली, अक्षर तिच्या मुलीचं आहे. सकाळचा आकडा टेक्निशियन लिहिते. संध्याकाळचा आमची ताई लिहिते आणि खाली सही करते. सातवी शिकलेली ताई गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी फोनवर म्हणाली, "मॅडम, अकरा दाखवतोय." मॅडम अर्ध्या वाटेतून परत आल्या. दाराच्या रबरात खोक्याचा कोपरा अडकला होता. अर्ध्या तासात आकडा सातवर आला, आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच परत रक्त द्यायला यावं लागलं नाही.

या कामाचे वेगळे पैसे तिला अजून मिळत नाहीत. ते आम्ही मागतोय. मिळाले की याच रेडिओवर सांगू.

तुमच्यापैकी कुणी लॅबमध्ये, दवाखान्यात कामाला जात असाल तर उद्या एवढंच करा. फ्रिजचा स्विच कुठला आहे ते विचारून घ्या.